यादीबाहेरचा फोन

कारखान्याच्या गेटवर बत्तीस वर्षं काढलेल्या सुपरवायझरांना निवृत्तीनंतर अडवायला कुणी उरलं नव्हतं. घरातली माणसं न विचारता आत-बाहेर करत, आणि ते त्यांना फार लागायचं. म्हणून मुलाने नवा राउटर आणला तेव्हा त्यांनी तो लगेच ताब्यात घेतला. कुठल्या फोनला नेट द्यायचं आणि कुठल्याला नाही, हे एका यादीने ठरवता येतं म्हटल्यावर त्यांचा चेहरा कितीतरी महिन्यांनी खुलला.

त्यांनी वही आखली: उपकरण, मालक, कारण आणि ओळख देणारा, म्हणजे अर्जदाराची हमी घेणारा. एक रकाना रिकामा राहिला तरी अर्ज परत. सुनेने नवा फोन घेतला तर तिलाही अर्ज करायला लावला आणि निर्णय तीन दिवसांनी दिला. तेवढ्यात तिचं ऑफिसचं काम अडलं, तिने वरिष्ठांची बोलणी खाल्ली. घरी मात्र ती चकार शब्द बोलली नाही.

दर रविवारी दहाला परदेशातल्या लेकीकडची नात व्हिडिओ कॉल करायची, तोही आधी आजोबांना. त्या दहा मिनिटांवर म्हातारा अख्खा आठवडा काढायचा.

या रविवारी पावणेदहाला त्यांनी सहज यादी उघडली. सौ., चिरंजीव, सूनबाई, टीव्ही. आणि खाली एक बिननावी फोन, नुसते आकडे आणि अक्षरं.

"घुसखोर!" ते ओरडले आणि त्यांनी तो फोन कायमचा बंद केला. त्याच क्षणी त्यांच्या हातातल्या फोनचं नेट गेलं.

"बघा! सूड उगवतोय मेला!"

पायात चपला सरकवून ते तडक वरच्या मजल्यावरच्या, कायम फोनवर दिसणाऱ्या शिंप्याकडे गेले. "आमचं नेट चोरता? लाज नाही वाटत?"

"काका, तुमच्याकडे घरच्या सुनेला तीन दिवस मिळालं नाही," शिंपी म्हणाला. "मला कुठून मिळणार?"

जिन्यातली दोन-तीन दारं किलकिली झाली. कुणीतरी फिस्सकन हसलं.

घरी येऊन त्यांनी फोनवर उघडीच राहिलेली यादी मुलाला दाखवली. मुलाने ते आकडे त्यांच्या फोनशी ताडून पाहिले.

"बाबा, हा तुमचाच फोन आहे. राउटर लावला तेव्हापासून तो चालूच होता, पण तुम्ही स्वतःची नोंदच केली नाहीत." एवढं सांगून तो बाहेर सटकला.

खरं होतं. गेटवरचा माणूस रजिस्टरात सगळ्यांना लिहितो, स्वतःला कधीच नाही.

इतक्यात आतल्या खोलीतून नातीचं हसू ऐकू आलं. ते धावले, तोवर बायकोचा फोन काळा पडला होता.

"मला विचारलं तिने?"

"तुमचा फोन लागत नव्हता. म्हणाली, झोपले असतील, राहू दे. आणि तेवढ्यात माझी बॅटरी संपली."

ते सुनेकडे वळले. "तुझा फोन दे गं दोन मिनिटं. माझ्यावर आता यादी उघडत नाही, तुझ्यावरून माझा फोन तीत घालतो. ती बाहेर पडायच्या आत बोलून घेतो."

सुनेने वही पुढे केली. "अर्ज करा, बाबा. तीन दिवसांत कळवते."

तिच्या तोंडावर हसू नव्हतं. त्यांनी पेन घेतलं. कारण: नातीशी बोलणे. मग पेन शेवटच्या रकान्याशी अडलं. ओळख देणारा. त्यांनी बायकोकडे पाहिलं. ती टीव्हीचा आवाज वाढवत होती.

"रिकामा रकाना चालत नाही हं," सून म्हणाली.