बिनहँडलची गाडी

गॅरेजच्या दारावर पाटी लावायची की नाही, हा वाद मिस्त्री आणि मिस्त्रीणबाईंमध्ये लग्नाच्या दुसऱ्या आठवड्यात सुरू झाला होता. आता मुलगी लग्नाला आली तरी तो मिटला नव्हता. मिस्त्री जुन्या गाड्या कापून, वाकवून, जोडून अशा काही नव्या करत की मूळ गाडी ओळखणाऱ्याला बक्षीस द्यावं. सीटची शिलाई मिस्त्रीणबाईंची. मोठ्या रस्त्यावरच्या शोरूमचे शेठ या गाड्या करून घेत, त्यावर आपला बिल्ला ठोकत आणि विकत.

"पाटी कशाला हवी? काम बोलतं," मिस्त्री म्हणत.

"बोलतं ना. पण नाव शेठचं घेतं," मिस्त्रीणबाई म्हणत.

एके दिवशी खुद्द शेठच गल्लीत आले. रुमालाने स्टूल पुसून बसले आणि म्हणाले, "मिस्त्री, हे बंद करा आता. माझ्याकडे पगारावर या. तुम्हाला इथे ओळखतं कोण?"

मिस्त्रींची तळपायाची आग मस्तकात गेली. पुढच्या आठवड्यात गाड्यांचं मोठं प्रदर्शन होतं. ते म्हणाले, "प्रदर्शनात माझ्या गॅरेजचं नाव माइकवरून घेतलं गेलं नाही, तर सोमवारी नऊला डबा घेऊन तुमच्या दारात हजर होईन. घेतलं गेलं, तर यापुढे माझ्या गाडीला तुमचा बिल्ला लागणार नाही."

"अहो, माइकवरून फक्त बक्षीस मिळालेल्यांची नावं घेतात."

"माहीत आहे मला."

शेठ हसत हसत गेले. मिस्त्रीणबाईंनी कपाळावर हात मारला आणि सुईत दोरा ओवला.

गॅरेजात सहा महिन्यांपासून घडत असलेली गाडी झाली मात्र दृष्ट लागण्यासारखी. मिस्त्रींना पत्र्यावर कुठेही उंचवटा खपत नसे, म्हणून त्यांनी दारांची हँडलं काढून टाकली. बाहेरची काढली, आणि एकदा हात बसल्यावर आतलीही. दार उघडायला एक छुपं बटण, बॉनेटला दुसरं. फटी अशा बुजवल्या की बाहेरचा आवाज आत जाणार नाही. आत हवा येईल ती तेवढी तळातल्या जाळीतून.

"आणि बॅटरी उतरली तर?" मिस्त्रीणबाईंनी विचारलं.

"ड्रायव्हरच्या सीटखाली तार ठेवलीय. ओढली की दार उघडतं."

"म्हणजे आत बसलेल्याला ठाऊक असेल तर."

"आत मीच बसणार ना!"

प्रदर्शनाच्या फॉर्मवर गॅरेजच्या नावाचा रकाना होता. नावच नव्हतं, तर लिहिणार काय? मिस्त्रीणबाईंनी ठसठशीत अक्षरात लिहिलं, 'मागच्या गल्लीतलं गॅरेज'.

प्रदर्शनाच्या दिवशी मिस्त्रींनी गाडीखालचे निळे दिवे सकाळीच लावले. लोक वळून वळून बघत होते, त्यामुळे ते बंद करायचा त्यांना धीर झाला नाही. दुपारी मुख्य परीक्षक आले. वजनदार गृहस्थ, चेहऱ्यावर हसू नाही. हातातली वही आणि चष्मा टेबलावर ठेवून ते ड्रायव्हरच्या सीटवर बसले आणि त्यांनी दार ओढून घेतलं. दार लागलं आणि त्याच क्षणी निळे दिवे विझले.

मिस्त्रींनी बटण दाबलं. पुन्हा दाबलं. दिवसभरच्या दिव्यांनी बॅटरी उतरली होती. ती बॉनेटखाली होती आणि बॉनेटही बटणावरच उघडत होतं.

"तार ओढा! सीटखाली!" ते ओरडले. परीक्षकांनी आतून शांतपणे हात हलवून नमस्कार स्वीकारला.

मिस्त्रीणबाईंनी पुठ्ठ्यावर सूचना लिहून काचेला लावली. परीक्षकांनी डोळे बारीक केले आणि मग टेबलावरच्या चष्म्याकडे बोट दाखवलं. शेवटी बाई सगळ्यांदेखत उकिडव्या बसल्या आणि स्वतःखाली हात घालून ओढल्याचा अभिनय करू लागल्या. परीक्षकांनी दचकून नजर फिरवली.

तोवर माइक कडाडला. "मागच्या गल्लीतलं गॅरेज! मागच्या गल्लीतल्या गॅरेजचे मालक, परीक्षकांना ताबडतोब बाहेर काढा!"

बाकीचे स्टॉल ओस पडले. गर्दीतून शेठ हातोडी घेऊन पुढे आले. "बाजूला व्हा, काच फोडतो."

मिस्त्री दाराला पाठ लावून उभे राहिले. "काचेला हातोडी लावायची तर आधी माझ्या टाळक्याला लावा. सहा महिने घालवलेत या दारावर. ते जसं बनवलंय तसंच उघडेल!"

"अहो, आत माणूस आहे!"

"माझ्या बायकोनं शिवलेल्या सीटवर बसलाय. तुमच्यापेक्षा सुखात आहे!"

माइक ओरडत राहिला. आत परीक्षक आता खरोखरच फट शोधू लागले होते. त्यांनी दाराच्या कडा चाचपल्या, छत चाचपलं, शिलाईवरून टाकान् टाका बोट फिरवलं. पंचवीस मिनिटांनी ते बोट सीटखाली पोहोचलं, तार हाताला लागली आणि दार अलगद उघडलं. परीक्षक चष्मा लावून, वही उचलून निघून गेले.

संध्याकाळी निकाल लागला. पहिलं बक्षीस शेठना, त्यांनी शोरूमच्या कारागिरांकडून करून घेतलेल्या गाडीला. मिस्त्रींच्या गाडीला काहीच नाही.

"सोमवारी नऊला," शेठ म्हणाले. "डबा विसरू नका."

मिस्त्रींचा चेहरा उतरला. शब्द म्हणजे शब्द. ते काही बोलणार तेवढ्यात मिस्त्रीणबाई म्हणाल्या, "अठरा वेळा."

"काय अठरा वेळा?"

"माइकवरून आपल्या गॅरेजचं नाव. मी मोजलंय. तुमचं एकदाच आलं, शेठ."

"अहो, ते परीक्षक कोंडले म्हणून!"

"कशासाठी घ्यायचं, हे कुठे ठरलं होतं?"

"असली जीत नको मला," मिस्त्री पुटपुटले.

"मग माझं ऐका," मागून आवाज आला. मुख्य परीक्षक उभे होते. "पंचवीस मिनिटं मी यांच्या कामात एखादी फट शोधत होतो. शेठ, तुमच्या गाडीत मला ती पहिल्याच मिनिटाला सापडली होती."

"मग नंबर का नाही दिलात?" मिस्त्री उसळले.

"गुणपत्रिकेत 'सोय' नावाचा रकाना असतो हो. तिथे तुम्हाला शून्य आहे."

सोमवारी नऊ वाजता मिस्त्री आपल्याच गॅरेजात होते. गल्लीच्या तोंडाशी चार गाड्या उभ्या होत्या, आणि जो तो विचारत होता, "परीक्षक कोंडणारं गॅरेज ते हेच ना?" पहिली गाडी खुद्द परीक्षकांची होती.

"अगदी तशीच करून द्या," ते म्हणाले. "फक्त दाराला हँडलं ठेवा."

मिस्त्रींनी हात पुसले. "हँडलं हवी असतील तर शोरूम मोठ्या रस्त्यावर आहे."

परीक्षकांनी गाडीकडे पाहिलं, मग मिस्त्रींकडे. मिस्त्रीणबाईंनी सुई थांबवली.

"बरं, राहू द्या," परीक्षक म्हणाले. "तार तेवढी चष्म्याशिवाय दिसेल अशी ठेवा."