अंकाबाईंच्या दाखल्याची फ्रेम

शामकांत सरांना शाल आणि नारळ या दोन गोष्टींचा मनापासून वीट आला होता. धामणवाडीच्या शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त होताना त्यांना अकरा शाली मिळाल्या होत्या. त्यांतल्या नऊ पुढे दुसऱ्यांच्या सत्काराला गेल्या. म्हणून सव्वीस जानेवारीला अंकाबाईंचा सत्कार करायचं ग्रामसभेत ठरलं, तेव्हा सर ताडकन उभे राहिले.

"काहीतरी वेगळं करू. जन्मभर टिकेल असं!"

"मंग तुमीच बगा सर," सरपंच वाल्मिक म्हणाला, आणि सगळ्यांनी सुटल्यासारख्या टाळ्या वाजवल्या.

अंकाबाई म्हणजे मूळच्या हॉलंडच्या आनेके. बत्तीस वर्षांपूर्वी दुष्काळात जनावरांची डॉक्टर म्हणून तीन महिन्यांसाठी आल्या आणि पाथर्डीकडच्या या कोरड्या गावात राहून गेल्या. गावातली अशी गाय नव्हती जिच्या पोटात बाईंचा हात कोपरापर्यंत गेला नव्हता. चारा छावणी त्यांनी चालवली, बायकांना शेळ्यांना लस टोचायला शिकवलं, दारूचं दुकान बंद करायला ग्रामसभेत तीन तास भांडल्या, तेही अस्सल धामणवाडीच्या भाषेत. मग भारताचं नागरिकत्व मागितलं. ते मिळायला अकरा वर्षं लागली. तिकडचा पासपोर्ट सोडून द्यावा लागला, तोही त्यांनी सोडला. एवढं करून हाती आला तो एक कागद, आणि तो त्यांनी खताच्या पिशवीत गुंडाळून पेटीत ठेवला होता.

सर भाषणासाठी माहिती घ्यायला गेले तेव्हा बाईंनी तो दाखवला. सरांच्या डोळ्यांत पाणी आलं. अकरा वर्षांची तपश्चर्या आणि खताच्या पिशवीत!

"चार दिवस नेतो, अंकाबाई. भाषणात तारखा अचूक हव्यात."

"न्या की. पन अठ्ठावीसला पुण्याला पासपोर्टच्या हापिसात जायाचंय, तितं ह्योच कागद दाखवावा लागतोय. तिकडं हॉलंडला माजी भन लई आजारी हाय, सर. योहाना. डाक्टरनी महिना सांगितलाय. पासपोर्टची मुदत संपून गेली, माज्या ध्यानातच न्हाई ऱ्हायलं."

"सव्वीसला तुमच्या हातात देतो," सर म्हणाले. तो शब्द त्यांनी तंतोतंत पाळला, हीच तर शोकांतिका.

कारण सर तिथून थेट कल्याणच्या फोटो स्टुडिओत गेले. कल्याण त्यांचाच विद्यार्थी. सरांच्या डोक्यात होती साधी काचेची फ्रेम, हवं तेव्हा कागद काढता येईल अशी. पण एका मुख्याध्यापकाला साधं कुठे बोलता येतं! ते म्हणाले, "कल्याण, असं मजबूत कर की पुढच्या पिढ्यांनी बघावं."

कल्याणच्या दुकानात मजबूत या शब्दाला एकच अर्थ होता. गावातली लग्नं, बारशी आणि मयत झालेले सगळे आजोबा त्याने याच पद्धतीने मजबूत केले होते: लाकडी बोर्डावर डिंकाने चिकटवायचं, वरून गरम मशीनखाली प्लास्टिकचा पडदा बसवायचा, कडेने सोनेरी पट्टी.

सव्वीस जानेवारीला झेंडावंदन झालं, सर पाऊण तास बोलले, आणि वाल्मिकनं फ्रेमवरचं फडकं ओढलं. टाळ्यांचा कडकडाट झाला. मधोमध दाखला, त्याच्यावर वरच्या अंगाला बाईंचा हसरा फोटो, चारही बाजूंनी गुलाबाची फुलं. सरांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. दाखला आखूड दिसत होता.

"कल्याण," ते माईक हातात आहे हे विसरून म्हणाले, "खालची सही कुठे आहे?"

"कापली सर. बारा बाय अठरात बसत न्हवतं. खाली नुसता शिक्का न् सही हुती, त्यानं शो जात हुता."

हे अख्ख्या गावाने लाऊडस्पीकरवर ऐकलं. अंकाबाई फ्रेमकडे बघत राहिल्या. मग त्यांनी ती दोन्ही हातांनी घेतली, गर्दीला नमस्कार केला आणि खुर्चीवर बसल्या.

सह्या-शिक्क्यांची पट्टी स्टुडिओत सापडली. डुगडुगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली आठ घड्या करून ठेवली होती. कागद बोर्डावरून सोडवायला कल्याणनं वाफ दिली, तर शाई सुटली आणि कागद तिथेच राहिला. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती, असं म्हणायचीही सरांची हिंमत झाली नाही.

अठ्ठावीसला सर, बाई आणि चादरीत गुंडाळलेली फ्रेम पुण्याला गेली. खिडकीतल्या साहेबांनी फ्रेम उभी-आडवी करून पाहिली.

"हे काय आणलंय?"

"नागरिकत्वाचा दाखला," सर म्हणाले.

"हा फोटो आहे. यांना हार का नाही घातलाय?"

"अवो, मी जिती हाय," अंकाबाई म्हणाल्या.

साहेब वाईट नव्हते. त्यांनी उपाय सांगितला: दुसरी प्रत दिल्लीहून मागवा, त्यासाठी आधी दाखला हरवल्याची पोलीस तक्रार जोडा. परतताना दोघं पोलीस ठाण्यात गेले. तिथल्या हवालदाराने फ्रेम भिंतीला टेकवली आणि लांबून पाहिली.

"हरवला कुटं? ह्यो काय हितं हाय."

"मग नष्ट झाला असं लिहा," सर म्हणाले.

"कुनी केला? नाव सांगा. सरकारी कागद हाय, गुन्हा दाखल हुईल."

सरांनी तोंड उघडलं. बाईंनी त्यांच्या हातावर हात ठेवला. "उंदरानं खाल्ला, लिवा," त्या म्हणाल्या. हवालदाराने सोनेरी पट्टीकडे पाहिलं, सरांकडे पाहिलं आणि मुकाट्याने उंदीर लिहिला.

अर्ज दिल्लीला गेला. गावाने हातपाय मारायचं सोडलं नाही. ग्रामसभेने एकमताने ठराव केला की अंकाबाई भारताच्या नागरिक आहेत, आणि त्यावर ग्रामपंचायतीचा गोल शिक्का मारून वाल्मिकनं तो स्वतः पुण्याला नेला. साहेबांनी त्याला चहा पाजला आणि परत पाठवलं. सर रोज सकाळी पोस्टमनची वाट बघत फाट्यावर उभे राहायचे. त्यांना जेवण जात नव्हतं.

अर्ज गेल्यापासून तेविसाव्या दिवशी तिकडे योहाना गेली.

गावाने चूल पेटवली नाही. "तुमी आमच्या, तर तुमची भन आमची," म्हणून दहावा घालायचं ठरलं. बाई नको म्हणाल्या नाहीत. गावचा भाऊ या नात्याने वाल्मिकनं मिशीसकट डोकं भादरून घेतलं. ओढ्याकाठी पिंड ठेवला. कावळे आले, बाभळीवर ओळीने बसले आणि खाली बघत राहिले.

"योहानाताई," वाल्मिकनं हात जोडले, "जनावरांच्या दवाखान्याला तुमचं नाव देतो." कावळे हलले नाहीत.

"ताई, मी आयुष्यात कुनाचा कागद कापनार न्हाई," कल्याण रडत म्हणाला. कावळ्यांनी पंखसुद्धा झाडले नाहीत.

सर पुढे झाले. आयुष्यभर त्यांनी भाषणंच केली होती. "चूक माझी आहे," एवढंच म्हणून ते मागे आले. ऊन चढलं. बायका पदराने वारा घेऊ लागल्या. कावळा काही शिवेना.

शेवटी अंकाबाई उठल्या, पिंडाजवळ उकिडव्या बसल्या आणि आपल्या मुलखाच्या भाषेत हळू आवाजात काही बोलल्या. एक म्हातारा कावळा खाली उतरला आणि त्याने भाताला चोच लावली. सगळ्यांनी सुटकेचा श्वास टाकला.

परत येताना सरांनी भीतभीत विचारलं, "काय सांगितलंत तिला?"

"सांगितलं, गाई व्यायला झाल्त्या, म्हनून यायला जमलं न्हाई." बाई थांबल्या. "मेलेल्या भनीला खोटं बोलले, सर. खरं सांगितलं असतं, तर कावळा जन्मात शिवला नसता."