अर्धाच तोडायचाय!

"गिअरचा आजार मी नुसत्या आवाजावरनं सांगतो!" हे वाक्य तळवलीचा कमळाकर चहाच्या टपरीपासून तेराव्याच्या जेवणापर्यंत कुठंही टाकायचा. शेती केव्हाच गेली, शेतावर टॉवर उभे राहिले. उरला तो बापाच्या वेळचा लाल ट्रॅक्टर आणि एक मान. गावदेवीच्या जत्रेत पालखीचा रथ ओढायचा तो कमळाकरच्याच ट्रॅक्टरनं!

आणि नेमका जत्रेच्या आदल्या दिवशी ट्रॅक्टर रुसला. इंजिन धडधडतंय, गिअर पडतोय, पण गडी जागचा हलेल तर शपथ!

"ऑइल कमी हाय," कमळाकरनं निदान केलं आणि पाच लिटर ओतलं. ट्रॅक्टर हलला नाही, ऑइल मात्र गटारापर्यंत चालत गेलं. मग त्यानं चाकाला लाथ घातली आणि स्वतःच लंगडत घरात आला. चुलतभाऊ विश्वजितनं गेल्याच महिन्यात कोरा करकरीत ट्रॅक्टर घेतला होता. मान एकदा त्या दारात गेला की परत कसला येतोय!

शेवटी नाक मुठीत धरून त्यानं जुन्नरकडच्या बाजीराव मेकॅनिकला फोन लावला.

"क्लच प्लेट गेली, शेट. ट्रॅक्टर तोडावा लागंल." तोडायचा म्हणजे मधून उघडायचा. इंजिन इकडं, गिअरबॉक्स तिकडं. "सकाळी दहाला येतो, तीनला चालू!"

कमळाकरचा जीव भांड्यात पडला. बायको मालतीबाईंनी लगेच नणंदेला, विमलबाईंना, फोन केला.

"उद्या दहाला तोडाया येनार हायत गो!"

"अगो बाय! सगला?"

"नाय, अर्धाच. मधनं."

आता गावठाणात 'तोडायला येणार' याचा अर्थ एकच, पालिकेची माणसं घर पाडायला येणार! कमळाकरचं घर चार मजली, त्यातले वरचे दोन विनापरवाना. अर्धं म्हटल्यावर विमलबाईंना शंका कसली राहणार? त्यांनी रातोरात अख्खा गाव उठवला.

सकाळी दहाला बाजीरावचा टेम्पो जॅक, साखळ्या आणि भला मोठा घण घेऊन गल्लीत शिरला. समोर दोनशे माणूस! बायका रस्त्यावर मांडी ठोकून बसलेल्या आणि पुढं माइक घेऊन खुद्द विश्वजित.

"एक वीट हलवू देनार नाय!"

"वीट कसली? मी क्लचचा..."

"आरं, घन बघा त्याच्याकडं!" गर्दीतून कुणीतरी ओरडलं.

टेम्पो रिव्हर्समध्येच हायवेला लागला. बाजीरावनं फोनही बंद करून टाकला.

कमळाकर पाना हातात घेऊन धावत आला. "आडवा त्याला! मना तोडायचाय!"

"टेन्शननं डोकं फिरलं भावाचं," म्हणत विमलबाईंनी त्याला खुर्चीत दाबून बसवलं आणि लिंबूपाणी पाजलं. त्यानं तीनदा खरं सांगितलं. तीनदा लिंबूपाणी आलं! इकडे दारात जमलेला गाव बघून मालतीबाई पदरानं डोळे पुसत होत्या. आपल्या ट्रॅक्टरवर लोकांचा एवढा जीव!

"ज्यानं भावाचं घर राखलं, त्यानंच रथ ओढायचा!" विमलबाईंनी जाहीर केलं. अख्ख्या गावानं टाळ्या वाजवल्या.

संध्याकाळी विश्वजितचा ट्रॅक्टर रथाला जुंपला, तसे कमळाकरचे डोळे भरून आले. विश्वजितनं त्याला मिठी मारली. "रडू नको, दादा. घर वाचलं ना!" आणि प्रेमानं त्याच्या हातात नारळ दिला.

कमळाकरनं तो नव्या ट्रॅक्टरच्या चाकापुढं फोडला. दिवसभरात त्याला तोडा-फोडायला मिळालं ते एवढंच!