गाब्रोवोच्या बाटलीची मोहीम आणि विरजणाचा दगा

वाचणारांचे हुजुरास कलमदाराचा मुजरा. विशेष. मोठमोठी राज्ये बुडाली, त्यांचे वृत्तांत लिहावयास माणसे मिळाली. परंतु एक बाटली दूध काढावयास काय सायास पडतात हे लिहावे, ऐसे कोणाही शहाण्यास सुचले नाही, कारण शहाणे बहुतकरून पुरुष होते. सबब ही हकीकत.

बल्गेर मुलखी गाब्रोवो शहरी, चौथ्या मजल्यावर, रालित्साबाई नामे सूनबाई राज्य करीत होत्या. म्हणजे राज्य सासूबाई पेनाबाईंचे, आणि सूनबाईंकडे तान्हे बोयानराव यांची अहोरात्र चाकरी. बाईंची विद्यापीठाची अखेरची परीक्षा परगावी, तिर्नोवोस नेमिली होती, ती चुकली तर वर्ष बुडाले. आणि बोयानराव डब्यातले दूध पाजताच ओकून देत, आईच्या दुधावाचून दुसरी रसद कबूल करीत ना. तेव्हा बाईंचे यजमान इस्क्रेनराव औषधाच्या दुकानातून आईचे दूध काढावयाचा पंप भाड्याने घेऊन आले, आणि मुलूख जिंकल्याप्रमाणे सोफ्यावर तळ देऊन बसले.

परीक्षेचे आदले दिवशी मोर्चे लागले. पेनाबाईंचा हुकूम सुटला की, वाऱ्याचा झोत लागल्यास दूध आटते, सबब ऐन उन्हाळ्यात खिडक्या बंद व्हाव्या, त्या जाहल्या. मग बोझा नामे धान्याच्या आंबट पेयाचे पेल्यावर पेले चालते जाहले, कारण त्याने दूध वाढते. आणि पंप घरघरू लागला, आणि बाई घामाने निथळू लागल्या, आणि पेनाबाई समोर खुर्ची टाकून बाटलीवर नजर रोखून बसल्या, आणि दुधाने येण्याचे साफ नाकारले. मग इस्क्रेनराव दारातून डोकावून म्हणाले, "बटण चालू केलंयस ना?" त्यावर बाईंनी जी नजर टाकिली, तिचे वर्णन करावयास लेखणी धजत नाही. मग सर्वांस खोलीबाहेर घालविले, आणि बोयानरावांचा फोटो समोर धरिला, आणि सायंकाळपर्यंत मोठ्या मुश्किलीने ऐवज जमला. बाटल्या उकळत होत्या, म्हणोन तो काचेच्या बरणीत घालून फ्रिजमध्ये ठेविला, आणि बाई पुस्तके घेऊन बसल्या.

सकाळी पाहतात तो बरणी जागेवर नाही. शोध करिता स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात लोकरी घोंगडीत गुंडाळलेली सापडली.

"अगं, मला वाटलं शेजारच्या स्तोयनानं शेळीचं दूध दिलंय," पेनाबाई म्हणाल्या. "विरजण लावलं."

"आई, ते माझं होतं."

"तरीच. लागेचना. मी म्हटलं, शेळीला झालं तरी काय?"

बल्गेर मुलखात दूध दिसले आणि विरजण लाविले नाही, ऐसी सासू अद्याप जन्मास आली नाही. सबब दगा म्हणावा तर तोही रिवाजाप्रमाणेच. बस सुटावयास थोडा अवकाश. बाई पुन्हा पंप लावून बसल्या, परंतु संतापाने थेंब येईना, आणि मग त्यांस रडू कोसळले.

"मी नाही जात. राहू दे ती परीक्षा."

तेव्हा पेनाबाई, ज्यांनी उभ्या जन्मात माफी मागितली नव्हती, त्यांनी तेव्हाही मागितली नाही. शेजारी येऊन बसल्या मात्र.

"जायचंस तू," त्या म्हणाल्या. "हा इस्क्रेन एवढाच होता, तेव्हा नोकरी जाईल म्हणून मी गिरणीत परत गेले. दूध भरून यायचं. मोरीत पिळून टाकायचे, आणि मुकादम दारावर थापा मारायचा. घरी हा साखरपाणी पीत होता."

"हे कधी बोलला नाहीत, आई."

"काय बोलायचं? तू बाटलीकडे बघू नकोस. माझ्याकडे बघ."

मग त्या गिरणीचे, मुकादमाचे, भिजलेल्या सदऱ्याचे सांगत राहिल्या, आणि बाई ऐकत राहिल्या, आणि धार केव्हा लागली हे दोघींस कळले नाही. बाटली भरली. बाई बसमागे धावल्या आणि बस त्यांस मिळाली.

दुपारी बोयानराव गर्जना करीत उठले. इस्क्रेनराव बाटली घ्यावयास पुढे सरले, तो हुकूम जाहला, "हात लावू नकोस. मी पाजते."

परीक्षेचा निकाल लागावयाचा आहे. बोयानरावांनी बाटली तळापर्यंत रिती केली, मोरीत एक थेंब गेला नाही. पेनाबाईंची फत्ते जाहली, ती एक पिढी उशिरा जाहली, ऐसे येथे नमूद केले असे.