मुंजाजीकाकांचा वाकडा चौकोन

आमच्या शेजारचे मुंजाजीकाका कापडाला कात्री लावण्याआधी कापडाभोवती एक पूर्ण चक्कर मारतात. अंगणात सतरंजी, सतरंजीवर कापड, कापडाच्या कोपऱ्यांवर गुळगुळीत दगड आणि पाठीमागे हात बांधलेले काका. प्रत्येक कोपऱ्याशी थांबतात, वाकतात, दगड हलवून बघतात. मग कात्री उचलतात आणि रिकाम्या अंगणाला मोठ्यानं विचारतात, "मागं कोनी हाय का?"

जन्मभर एसटी चालवलेल्या माणसाची ही सवय आहे, हे ठाऊक नसलं की बघणारा दचकतो. आम्ही जिंतूरला या गल्लीत राहायला आलो तेव्हा मीही दचकले होते. त्यांच्या मागं कुंपणापलीकडं मी धुणं वाळत घालत होते. विचारलंय तर उत्तर द्यावं म्हणून "मी आहे" म्हटलं. काकांनी कात्री खाली ठेवली, दगड गोळा केले, कापडाची घडी घातली आणि त्या दिवशी काही कापलंच नाही.

इतका भित्रा ड्रायव्हर या भागातल्या रस्त्यांवर दुसरा झाला नसेल. त्यांच्या गाडीतून प्रवास केलेली माणसं अजून भेटतात. समोरून बैलगाडी आली तरी काका बाजूला थांबून तिला आधी जाऊ द्यायचे. मेंढरं दिसली की इंजिन बंद, शेवटचं कोकरू पार होईपर्यंत. वालूरला माहेरी निघालेल्या सासुरवाशिणी म्हणे त्यांची गाडी बघून पुढच्या गाडीची वाट बघायच्या. काकांना याची काही लाज नाही. "आपल्या हातून कुनाला खरचटलं न्हाई," एवढंच म्हणतात आणि म्हणताना कानाच्या पाळ्या धरतात.

रिटायर झाल्यावर असा माणूस निवांत बसेल असं कुणालाही वाटलं असतं. पण काका वाकळ, म्हणजे गोधडी, शिवायला लागले. जुन्या धडुत्यांचे चौकोन कापायचे, एकाला एक जोडायचे, खाली जुनं लुगडं लावायचं आणि वरून टाके घालायचे. यात भिण्यासारखं काय आहे, असं मी एकदा विचारलं. काका माझ्याकडं दया आल्यासारखं बघायला लागले.

"स्टेअरिंग बोटभर चुकलं तर गाडी कुठं जाती?"

"खड्ड्यात."

"मग? पहिला चौकोन एक सूत वाकडा गेला, की वाकळ पार लातूरला जाती, ताई."

सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. काकांच्या जगातली सगळी संकटं याच मापाची असतात.

माझं झेरॉक्सचं दुकान आहे आणि दुकानात कागद कापायची दांड्याची मशीन आहे. त्यापायी माझा या वाकळीच्या धंद्याशी संबंध आला. काका लग्नपत्रिकांचा जाड पुठ्ठा घेऊन यायचे आणि कापडावर ठेवून आखायला त्याचा चौकोन कापून मागायचे. मी कापून दिला की खिशातून टेप काढून चारी बाजू मोजायचे. मग या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत तिरपं मोजायचे, मग उरलेल्या दोन कोपऱ्यांतलं. दोन्ही तिरपी मापं सारखी आली नाहीत तर तो चौकोन नव्हेच, असं त्यांचं म्हणणं. माझा बहुतेक वेळा नसायचा. "तुमची मशीन एक सूत खाती," असं म्हणून पुठ्ठा परत माझ्याच हातात द्यायचे. मागं झेरॉक्सला उभी असलेली पोरं खुदुखुदु हसायची आणि मला मशीनचा दांडा काकांच्या दिशेनं फिरवावासा वाटायचा.

एकदा मी वैतागून म्हटलं, "काका, पुठ्ठा कशाला हवा? एक तुकडा कापा आणि त्याच्यावरून दुसरा कापा. दुसऱ्यावरून तिसरा."

काकांचा चेहरा उतरला. मी जणू त्यांना ब्रेक नसलेली गाडी घाटात न्यायला सांगितली होती.

"असं परत बोलू नका. खडूच्या रेघंला जाडी असती. दर तुकड्याला रेघंएवढं वाढत जातंय. शेवटचा चौकोन मग पहिल्याला वळखत बी न्हाई."

त्यांचे नियम मला हळूहळू पाठ झाले. मधे नवं कापड घालायचं तर ते आधी पाण्यात भिजवायचं, नाहीतर शिवल्यावर आटतं. कडेचा एक धागा ओढून काढायचा, म्हणजे कापडात आपोआप सरळ वाट पडते, त्या वाटेनं कात्री न्यायची. इस्त्री ठेवायची आणि उचलायची; ओढायची नाही, ओढली की चौकोन तिरपा पसरतो. शिलाई मशीनच्या पत्र्यावर चिकटपट्टी लावायची आणि कापडाची कड तिच्याबाहेर जाऊ द्यायची नाही. हे सगळं करतानाही काकांच्या कपाळावर घाम असायचा. मला वाटायचं, स्वभावच आहे. काही माणसं सुखानं भिजलेली असतात, हे भीतीनं.

पण काका कापडाला भीत नव्हते. ज्याला भीत होते ते घरात, बाजेवर होतं.

त्यांच्या बायकोचं, प्रयागकाकूंचं, माहेर पेडगावचं. त्यांच्या हातच्या वाकळी या गल्लीतल्या निम्म्या लेकी सासरी घेऊन गेल्या. मग एका सकाळी चहा गाळताना त्या खाली बसल्या आणि उजवी बाजू गेली. "तोंड शाबूत ऱ्हायलं, देवाची किरपा," असं काका सांगतात आणि सांगताना आधी दाराकडं बघून घेतात. रिकामं पडून राहणं काकूंच्या रक्तात नव्हतं. स्वतःचा हात गेला, मग त्यांनी नवऱ्याचे दोन हात वापरायला काढले.

चौकोनांची एक ओळ जोडून झाली की काका ती बाजेपाशी घेऊन जायचे. काकू डोळे मिटायच्या. ओळ उलटी करायच्या आणि डाव्या हाताचा अंगठा जोडावरून फिरवायला लागायच्या. काका बाजेच्या पायाशी उभे. आमच्या दोन घरांमध्ये एकच भिंत, त्यामुळं ती शांतता मलाही ऐकू यायची. चार चौकोनांचे कोपरे जिथं भेटतात तिथं अंगठा थांबायचा, आणि मग सुरुवात.

"अवो, ह्यो कोपरा त्या कोपऱ्याशी बोलत न्हाई."

"बगू बगू."

"बगायचं काय त्याच्यात? गाडी चालवायलाव का शिवायलाव? उसवा!"

काका ब्लेड घेऊन उसवत बसायचे. मधूनच तांब्या तोंडाला लावून घटाघटा पाणी प्यायचे. मी माझ्या नवऱ्याला म्हणायचे, बिचाऱ्या माणसाला रोज परीक्षा. नवरा म्हणायचा, पण अभ्यास किती करतात बघ.

थंडी पडायला लागली तेव्हा एका दुपारी काका दुकानात आले. हातात पुठ्ठा नव्हता. तोंड पांढरं पडलेलं.

"ताई, ती चांगलं हाय मनली."

"कशाला?"

"वाकळीला. सगळ्यालाच मनायली. काल बी, परवा बी. अंगठा फिरवती आन् चांगलं हाय मनती."

मी हसले. म्हटलं, "पास झालात काका, पेढे आणा." काका हसले नाहीत. स्टुलावर बसले आणि माझ्या मशीनच्या दांड्याकडं बघत राहिले.

"आमच्या लग्नापासून तिला माझं कायबी चांगलं वाटलं न्हाई," ते म्हणाले. "आता एकदम कामून वाटायलंय?"

ते काकूंना परभणीला मोठ्या डॉक्टरकडं घेऊन गेले. डॉक्टरांनी डोळ्यात टॉर्च मारला, हातपाय दाबले, नाव-गाव विचारलं आणि नवीन काही झालेलं नाही म्हणून सांगितलं. काकांचं समाधान झालं नाही. "त्येंनी वाकळ दाखवून कुठं तपासलं?" असं मला येऊन म्हणाले. त्यानंतर त्यांचं जेवणावरचं लक्ष उडालं. कात्री लावायचे, दोन बोटांएवढं कापड कापायचे आणि आत जाऊन तिचा श्वास चालू आहे का बघून यायचे. आतापर्यंत त्यांच्या भीतीवर मी पोटभर हसत आले होते. आता मलाच भिंतीपलीकडची शांतता सोसवेना. कधी एकदा "उसवा!" ऐकू येतंय म्हणून मी पोळ्या लाटता लाटता हात थांबवायचे.

शेवटी काका परत दुकानात आले आणि गिऱ्हाईक जाईपर्यंत थांबले. पिशवीतून कापड काढून हळू आवाजात म्हणाले, "एक चौकोन वाकडा कापून द्या."

"काय?"

"वाकडा. चांगला दोन सूत. ओळीत मधी घालतो. तिला कळलं तर कळलं. न्हाई कळलं तर..."

"मग तुम्हीच कापा की, काका."

"सकाळपासून बसलोय. हात सरळच जायलाय. तुमी कापा, तुमाला येतंय."

यात टोमणा अजिबात नव्हता. याला अपमान समजावं की विश्वास, हे मी अजून ठरवलेलं नाही. मी कात्री घेतली आणि नेहमीसारखं कापलं. काकांनी टेप लावला, दोन्ही तिरपी मापं घेतली आणि समाधानानं मान हलवली. माझं एवढं एकच काम त्यांनी पहिल्या फटक्यात पसंत केलं.

त्यांनी तो चौकोन जोडला तेव्हा मी शेजारी होते. सुई त्या कोपऱ्याशी आली आणि काकांनी डोळे मिटून घेतले. मग ओळ माझ्यासमोर धरली. कोपरा असा सरकला होता की लहान लेकरानंही बोट ठेवलं असतं. "तुमी चला संगं," काका म्हणाले. "मला एकट्याला हुभं ऱ्हावंना."

काकूंनी डोळे मिटले. अंगठा निघाला. पहिला जोड गेला, दुसरा गेला. काका माझ्या मागं उभे होते आणि त्यांचा श्वास मला ऐकू येत होता. अंगठा माझ्या चौकोनाशी आला. थांबला, असं मला वाटलं. मग पुढं गेला, ओळीच्या टोकापर्यंत.

"चांगलं हाय," काकू म्हणाल्या.

काका पुढं झाले. बाजेखालचा तांब्या उचलून "पानी आनतो" म्हणाले आणि बाहेर गेले. तांब्या काठोकाठ भरलेला होता.

मला रडू येत होतं. काकूंनी डोळे उघडले.

"कुनी कापला गं? तू?"

मी म्हटलं, "कळलं तुम्हाला?"

"न कळायला काय झालं? म्हैस आडवी पडंल एवढी जागा सुटलीय तिथं."

"मग बोलला का नाहीत? ते रोज मरतायत तिकडं!"

काकूंनी ओळ पोटावर घेतली आणि डाव्या हातानं तिच्या घड्या मोडत राहिल्या. "मी गेल्यावर कोन बोलणार हाय त्येनला?" त्या म्हणाल्या. "टाका घातला की मला इचारत्यात. कापलं की मला इचारत्यात. उद्या मी न्हाई, तर ह्यो मानूस कुनाला दाखवंल? मनलं, आत्तापसून गप बसावं. त्येंचं त्येंनाच कळाया लागंल. मला मरायचं भ्याव न्हाई गं. त्येंचंच लय भ्याव वाटतंय."

मी म्हटलं, "काकू, तुम्ही गप बसायला लागल्यापासून त्यांनी धड घास गिळलेला नाही. परभणीला घेऊन गेले ते यासाठीच. तुम्हाला काही कळेनासं झालं म्हणून भिऊन. आजचा वाकडा तुकडा त्यांनीच सांगून कापून घेतला, तुम्ही बोलता का बघायला."

काकूंनी दाराकडं बघितलं. "येडं हाय," एवढंच म्हणाल्या आणि त्यांचे डोळे भरले. एकच हात, त्यात वाकळ. पुसायचं राहून गेलं.

काका आत आले. मान खाली, तांब्या दोन्ही हातांत. काकूंनी घसा खाकरला. आवाज भिंतीपलीकडं जाईल असा निघाला.

"अवो! ह्यो चौकोन कुन्या आंधळ्यानं कापलाय?"

मी तोंड उघडलं. पण काका माझ्याआधी बोलले.

"मी," ते म्हणाले. तांब्या हिंदकळून त्यांच्या पायांवर पाणी सांडत होतं. "मीच कापला. नीट बगितलं न्हाई."

"दिसंना का? उसवा!"

"उसवतो. आत्ता उसवतो."

ते बाजेला टेकून खाली बसले, ब्लेड घेतलं आणि पहिला टाका शोधायला लागले. टाका काही सापडेना. काकूंनी डाव्या हातानं त्यांचं बोट धरलं आणि टाक्यावर नेऊन ठेवलं.