तीन तासांचा नियम

माझ्या देखरेखीखाली आजवर एकही माणूस बुडालेला नाही, असं मी शिबिराच्या अर्जात ठणकावून लिहिलं होतं. माझ्या देखरेखीखाली आजवर एकही माणूस पाण्यातच उतरलेला नाही, हे लिहायला अर्जात जागा नव्हती.

एड्रियाटिक समुद्राच्या काठी दर जुलैत अपंग मुलांसाठी आठवडाभराचं शिबिर भरतं. नगरपालिकेतली माझी रजा शिल्लक होती, म्हणून सोबती म्हणून गेलो. माझ्याकडे नीवेस आली. अकरा वर्षांची, चाकाच्या खुर्चीतली. हातपाय तिचं ऐकत नाहीत, आणि प्रत्येक शब्द तिला खोल विहिरीतून पोहरा ओढावा तसा वर काढावा लागतो. त्यामुळे वायफळ बोलणं तिला परवडत नाही.

पहिल्याच दिवशी म्हणाली, "समुद्र. गाडीतून. नऊदा पाहिला. आत जायचंय."

"जाऊ की," मी म्हणालो. "जेवणानंतर तीन तासांनी."

हा नियम आमच्याकडे मुलाला नावाच्याही आधी मिळतो. भरल्या पोटी पाण्यात शिरलं की पचन थांबतं आणि माणूस दगडासारखा तळाला जातो. असा गेलेला माणूस कुणी पाहिलेला नाही, पण प्रत्येकाच्या मावशीच्या गावात एक असतोच.

पाण्यावर तरंगणारी, फुग्यासारख्या चाकांची खुर्ची किनाऱ्यावर एकच. नीवेसला ती रोज चार ते पाच मिळणार होती. मुलाबरोबर जीवरक्षक आणि त्या मुलाचा सोबती, दोघांनी पाण्यात उतरायचं, असा शिबिराचा दंडक. जेवण एकला संपे. हिशेब चोख होता.

सोमवारी तीन वाजता मीच कौतुकानं तिला पीच कापून दिलं. पीच म्हणजे खाणं. तीन तास पुन्हा पहिल्यापासून. मंगळवारी स्वयंपाकीण आर्जियाबाईंनी "पोर वाळलीय" म्हणत चीज घातलेली गरम पोळी भरवली. बुधवारी कुणाचा तरी वाढदिवस निघाला. गुरुवारी अर्धा पेला दूध. दूध अन्न की पेय, हे ठरेना, म्हणून मी आईला फोन लावला. आई चौऱ्याऐंशी वर्षांची आहे.

"दुधावर तू वर्षभर जगलास," ती म्हणाली. "अन्न नाही तर काय?"

रोज पाच वाजता ती खुर्ची कोरडीच परत जाई. नीवेस तिच्याकडे बघत राही. मी म्हणे, "उद्या नक्की."

शुक्रवार शेवटचा. नीवेसनं न्याहारीला तोंड उघडलं नाही. दुपारी लझान्याचा चमचा ओठांपर्यंत नेला, तर ओठ कुलूपबंद.

"बरं वाटत नाहीये का? की माझ्यावर रागावलीस?"

"चार. वाजेपर्यंत. काही नको."

आर्जियाबाई कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या. "अहो कारकून, पोरीला समुद्रात न्यायचंय की ऑपरेशनला?"

ते ऐकून माझ्या घशाखाली घास उतरेना, असं लिहायला मला आवडलं असतं. पण निरोपाचं जेवण होतं, लांबलं, आणि आमच्या घरात ताटात टाकणं पाप समजतात. माझं ताट मी संपवलं. मग तिचंही संपवलं. तीन वाजता आर्जियाबाईंनी भांड्याच्या तळाशी राहिलेलं पुढे केलं, तेही.

चार वाजता नीवेस तरंगत्या खुर्चीत पट्टे बांधून बसली होती. जीवरक्षक मागे उभा. मी पुढचा दांडा धरला.

"काका," ती म्हणाली, "तुम्ही. किती वाजता. जेवलात?"



"तीनला संपलं," मी म्हणालो.

"तीन. आणि तीन?"

"सहा."

तिनं मला टोमणा मारला नाही. डोळे मिटले फक्त. चार दिवस मी पाहिलेला चेहरा हा नव्हता. हा चेहरा, नियम खरा आहे असं मानणाऱ्या माणसाचा होता, आणि तो नियम तिला मीच शिकवला होता.

मी बूट काढले. विजार काढायचं सुचलं नाही. घोटे, गुडघे, कंबर. पोटाला पाणी लागलं तेव्हा मी मनातल्या मनात आईची क्षमा मागितली. लझान्या तिथेच होता, दोन माणसांचा.

खुर्चीची चाकं वाळूवरून सुटली. खुर्ची तरंगली. एक लाट नीवेसच्या तोंडावर फुटली. ती खोकली, आणि मी दांडा दोन्ही हातांनी धरला.

"खारट," ती अखेर म्हणाली. मग माझ्याकडे वळून, "हेही. खाण्यात. धरायचं?"

"नाही," मी म्हणालो. "हे धरत नाहीत."

पाच वाजेपर्यंत आम्ही आत होतो. मी एक हात दांड्यावर आणि एक पोटावर ठेवून मरणाची वाट पाहत होतो. ते आलं नाही. त्रेपन्न उन्हाळे मी काठावर बसून काढले, त्यांचं काय करायचं हे जीवरक्षकाला विचारावंसं वाटलं, पण तो अगदीच लहान होता.

संध्याकाळी आर्जियाबाईंनी तिच्यासाठी पुन्हा केलेला लझान्या नीवेस तिसऱ्यांदा वाढून घेऊन खात असताना आईचा फोन आला.

"गेली का पोर पाण्यात? आणि तू? किती वाजता उतरलास?"

नीवेस चावायची थांबली.

"सहाला, आई," मी म्हणालो. "चांगले सहा वाजून गेले होते."