टिकलीने रोप बरे केले

एका जंगलात, मुलांनो, टिकली नावाची खार राहत होती. ती इतकी लाजाळू होती की शिंक आली तरी झाडामागे जाऊन शिंकायची.

एके दिवशी वर्गात करकोचेबाईंनी विचारले, "शनिवारच्या वनभोजनाला टोमॅटो कोण आणेल?"

टिकलीने जन्मात पहिल्यांदा हात वर केला. तिच्या रोपाला एकच टोमॅटो धरला होता, पण छान तांबूस होत होता.

आता त्याला काही होऊ नये म्हणून तिने 'रोपांचे एकशे एक रोग' हे पुस्तक आणले. आणि रोपाकडे नीट पाहिले.

खोडावर बारीक केस! बुरशीच असणार. तिने ते दात घासायच्या ब्रशने घासून काढले. बुडाशी पांढऱ्या गाठी! त्या नखाने खरवडल्या. दुपारी पाने गुंडाळलेली! ती कापली. हाताला हिरवट पिवळे डाग पडले, तेव्हा तिने स्वतःच कडुनिंबाचा रस घेतला.

एका खालच्या पानावर मात्र तपकिरी वर्तुळात वर्तुळे उमटली होती, अगदी रांगोळीसारखी. ते पान तिने शोभेला ठेवले.

त्या जंगलात रोग आला की कुंपणाला लाल चिंधी बांधत. मग तिकडे कोणी फिरकत नसे. टिकलीने चिंधी बांधली. खरे सांगायचे तर तिला बरेच वाटले. आता कोणाशी बोलायला नको.

शेजारच्या साळिंदर आजोबांचा जन्म टोमॅटो पिकवण्यात गेला होता. ते लांबूनच ओरडले, "टिकले, काय झालं गं?"

"काही नाही."

"मग चिंधी कशाला?"

"सहज."

"बरं," म्हणून ते गेले.

शुक्रवारी टोमॅटोला देठाशी काळा खड्डा पडला. टिकलीने चिंधी सोडली आणि रडत आजोबांना बोलावले.

"केस असतातच गं," आजोबा म्हणाले. "तुझ्या शेपटीला नाहीत का?"

"आणि गाठी?"

"मुळं फुटणार होती बिचारी."

"पानं?"

"उन्हात गुंडाळून घेतात, संध्याकाळी उलगडतात. आणि हाताला डाग तर टोमॅटोचं रोप हाताळलं की पडतातच."

"मग रोग कुठे होता?"

आजोबांनी रांगोळीकडे बोट दाखवले. "एवढंच पान काढायचं होतं."

शनिवारी बाईंनी विचारले, "टिकली, टोमॅटो?"

सगळा वर्ग वळला. टिकली उभी राहिली.

"नाही आणला, बाई. पण माझ्या रोपाला काय काय झालं नव्हतं, ते सांगू?"

ती अर्धा तास बोलली. वर्ग हसून हसून लोळला. शेवटी बाईंनाच "बस आता" म्हणावे लागले.

तात्पर्य : शंका आली तर जाणत्याला विचारावे, असे शहाणे लोक सांगतात. पण ते लाजाळू नसतात. आपण दोन रोपे लावावीत, आणि त्यांतल्या एकाकडे अजिबात लक्ष देऊ नये.